सेटिंग्ज न गमावता कंटेनरमधला मीडिया सर्व्हर अपडेट करणे

घरातले चित्रपट, गाणी आणि कुटुंबाचे व्हिडिओ एका जागी ठेवून ते टीव्हीवर किंवा फोनवर पाहता यावेत, म्हणून जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बी यांपैकी एखादा मीडिया सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, चालवणारे अनेक जण तो अपडेट करण्याचे टाळत राहतात. नवी आवृत्ती घेतली आणि घरातल्या प्रत्येकाचे खाते, लायब्ररीची मांडणी, हाताने दुरुस्त केलेली नावे व पोस्टर, कोणी कोणता भाग कुठपर्यंत पाहिला याच्या नोंदी असे सगळे पुसले गेले तर काय, ही धास्ती त्यामागे असते. ती अनाठायी नाही. मात्र खरा धोका अपडेटच्या आदेशात नसून आपल्या सेटिंग्ज डिस्कवर नेमक्या कुठे आहेत हे ठाऊक नसण्यात आहे, आणि तेवढे एकदा शोधून ठेवले की प्रत्यक्ष अपडेट दोन ओळींचे काम उरते. म्हणूनच पुढील मजकुराचा मोठा भाग त्या दोन ओळींच्या आधी काय करावे याविषयी आहे.

उदाहरणासाठी जेलीफिन आणि लिनक्सवर चालणारे डॉकर कंपोज घेतले आहे. कंपोज म्हणजे कंटेनर कसा उभा करायचा हे एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची डॉकरची सोय. प्लेक्स व एम्बीसाठी पद्धत हीच आहे, फक्त फोल्डरची नावे बदलतात. आदेश आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

अपडेट करताना डॉकर काय करतो

नेहमीच्या संगणकावर एखादा प्रोग्राम अपडेट होतो तेव्हा जुन्या फाइलींच्या जागी नव्या फाइली येतात आणि बाकीचे जिथल्या तिथे राहते. डॉकरमध्ये तसे घडत नाही. तिथे प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि व्हिडिओ रूपांतरित करणारे एफएफएमपेग हे सगळे मिळून एक इमेज बनते आणि ती इमेज कधीही बदलत नाही. त्या इमेजवर एक पातळ, लिहिता येण्याजोगा थर चढवून कंटेनर तयार होतो. अपडेट म्हणजे हा कंटेनर काढून टाकणे आणि नव्या इमेजमधून दुसरा कंटेनर उभा करणे. जुन्या कंटेनरबरोबर त्याचा तो लिहिता थरही जातो, त्यामुळे त्या थरात जे काही साठले असेल ते नव्या कंटेनरला दिसत नाही.

ज्या सेटिंग्ज या थराच्या बाहेर, म्हणजे होस्टवरच्या (डॉकर ज्यावर चालतो त्या संगणकावरच्या) फोल्डरमध्ये किंवा डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये (डॉकर स्वतः सांभाळतो त्या साठ्यात) असतात, त्या मात्र कंटेनर कितीही वेळा बदलला तरी राहतात. नवा कंटेनर त्याच जागेशी जोडला की सर्व्हर जणू बंद करून पुन्हा सुरू केल्यासारखा उभा राहतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: आपल्या सर्व्हरच्या सेटिंग्ज थरात आहेत की थराबाहेर?

सेटिंग्ज कुठे आहेत ते शोधणे

कंपोजची फाइल हाताशी असली तरी तिच्यावर विसंबू नये. चालू कंटेनरलाच विचारावे. त्यासाठी ‘डॉकर इन्स्पेक्ट’ आणि पुढे कंटेनरचे नाव असा आदेश द्यावा. बरेच लांबलचक उत्तर येते. त्यातला ‘माउंट्स’ हा विभाग वाचावा. तिथे प्रत्येक जोडणीचा प्रकार, होस्टवरची जागा आणि कंटेनरमधला पाथ दिलेला असतो. जेलीफिनच्या अधिकृत इमेजमध्ये सेटिंग्ज ‘कॉन्फिग’ या सर्वांत वरच्या पातळीवरच्या फोल्डरमध्ये असतात आणि तात्पुरता साठा ‘कॅश’मध्ये, तेव्हा या दोन नावांसमोर काय लिहिले आहे ते पाहावे.

प्रकार ‘बाइंड’ असा असेल आणि होस्टवरचा ओळखीचा पाथ दिसत असेल, तर सर्वांत सोयीची स्थिती आहे, कारण तो फोल्डर आपण थेट उघडू शकतो आणि त्याची प्रत घेऊ शकतो. प्रकार ‘व्हॉल्यूम’ असेल आणि त्याला वाचता येणारे नाव असेल, तरीही सेटिंग्ज सुरक्षित आहेत. त्या डॉकरच्या स्वतःच्या साठ्यात आहेत इतकेच. नावाच्या जागी अंक आणि अक्षरांची लांबच लांब साखळी दिसली, तर मात्र सावध व्हावे. इमेजने एखादा फोल्डर व्हॉल्यूम म्हणून घोषित केलेला असतो आणि आपण तो कुठेही जोडलेला नसतो, तेव्हा डॉकर असे निनावी व्हॉल्यूम परस्पर तयार करतो. कंपोजने कंटेनर बदलताना ते सहसा पुढच्या कंटेनरला मिळते, पण कंटेनर आधी हाताने काढून टाकला तर नव्या कंटेनरला नवे, रिकामे व्हॉल्यूम मिळते आणि जुने कुठेतरी बेवारस पडून राहते. आणि ‘कॉन्फिग’चा माउंट्समध्ये उल्लेखच नसेल, तर सेटिंग्ज त्या लिहित्या थरातच आहेत आणि कंटेनर काढला की त्या गेल्या.

शेवटच्या दोन्ही परिस्थितींवर उपाय सोपा आहे, फक्त तो कंटेनर काढण्यापूर्वी करावा लागतो. कंटेनर थांबवावा, ‘डॉकर सीपी’ या आदेशाने कंटेनरमधला कॉन्फिग फोल्डर होस्टवरच्या एखाद्या कायमच्या जागी उतरवून घ्यावा आणि कंपोजच्या फाइलमध्ये ती जागा कॉन्फिगशी जोडावी. हा आदेश थांबलेल्या कंटेनरवरही चालतो, त्यामुळे डेटाबेस अर्धवट लिहिला जात असताना प्रत घेण्याचा धोका राहत नाही. मूळ कंटेनर लगेच पुसू नये. ‘डॉकर रीनेम’ने त्याचे नाव बदलून ठेवावे, म्हणजे काही राहून गेले तर परत त्यातून काढता येते.

अपडेटच्या निमित्ताने इमेजच बदलण्याचा विचार असेल, तर तो बाजूला ठेवावा. लिनक्ससर्व्हर या समूहाची जेलीफिन इमेज लोकप्रिय आहे, पण तिच्यात कॉन्फिगच्या आतली रचना अधिकृत इमेजपेक्षा वेगळी आहे. डेटाबेस एक पातळी अधिक खोलवर असतो. एकीचा फोल्डर दुसरीला तसाच जोडला तर सर्व्हरला काही सापडत नाही आणि तो कोरा सुरू होतो. स्थलांतर करता येते, पण ते वेगळे काम आहे आणि दोन्ही कामे एकाच संध्याकाळी केल्यास बिघाड कशामुळे झाला हे कळत नाही.

प्लेक्समध्ये सगळे काही कॉन्फिगमधल्या ‘लायब्ररी’ फोल्डरखाली, ‘प्लेक्स मीडिया सर्व्हर’ या नावाच्या फोल्डरात असते. तिथली ‘प्रेफरन्सेस’ नावाची एक्सएमएल फाइल फार महत्त्वाची आहे, कारण सर्व्हरची ओळख आणि खात्याशी असलेली त्याची जोडणी तिच्यात असते. ती टिकली तर अपडेटनंतर नवे क्लेम टोकन, म्हणजे सर्व्हर खात्याशी जोडण्याचा कोड, लागत नाही.

कंटेनर कसा उभा केला होता, हेही लिहून ठेवावे

सेटिंग्ज म्हणजे केवळ सर्व्हरच्या आतल्या सेटिंग्ज नव्हेत. कोणते पोर्ट बाहेर उघडले होते, कोणत्या वापरकर्ता क्रमांकाने कंटेनर चालत होता, ग्राफिक्सचे उपकरण आत दिले होते का, नेटवर्क होस्ट पद्धतीचे (संगणकाचेच) होते की ब्रिज (डॉकरचे वेगळे), या गोष्टी इमेजमध्येही नसतात आणि कॉन्फिग फोल्डरमध्येही नसतात. त्या कंटेनर तयार करणाऱ्या आदेशात असतात. ज्यांनी कधीकाळी ‘डॉकर रन’चा एक लांब आदेश देऊन सर्व्हर उभा केला आणि तो आदेश कुठेही जपला नाही, त्यांनी अपडेटआधी कंपोजची फाइल लिहून घ्यावी असा माझा आग्रह आहे. इन्स्पेक्टच्या उत्तरात लागणारे सर्व काही मिळते: पर्यावरण चले (कंटेनरला बाहेरून दिलेली मूल्ये), पोर्ट, उपकरणे, रीस्टार्टचे धोरण, माउंट. एकदा ही फाइल तयार झाली की पुढचे प्रत्येक अपडेट तिच्याच आधारे होते.

फाइल लिहिताना कंटेनरच्या आतले पाथ बदलू नयेत. आत चित्रपटांचा फोल्डर ‘मीडिया’ या नावाने दिसत असेल, तर नव्या फाइलमध्येही तो तसाच दिसला पाहिजे. होस्टवरची बाजू बदलली तर चालते. सर्व्हर आपल्या डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद आतल्या पाथनुसार ठेवतो. तो पाथ बदलला, की जुनी फाइल नाहीशी झाली आणि दुसरीच कुठली तरी नवी आली अशी त्याची समजूत होते, आणि मग संग्रहात केलेल्या दुरुस्त्या आणि याद्या विस्कटतात.

जेलीफिनसाठी ८०९६ हा मुख्य पोर्ट आहे, प्लेक्ससाठी ३२४००. घरातल्या ॲपनी सर्व्हर आपोआप शोधावा असे वाटत असेल, तर जेलीफिनचा ७३५९ हा यूडीपी पोर्टही उघडा असावा लागतो. लिनक्ससर्व्हरच्या इमेज वापरणाऱ्यांनी पीयूआयडी आणि पीजीआयडी (वापरकर्ता आणि गट यांचे क्रमांक) ही दोन चले पूर्वीचीच ठेवावीत. ती बदलली तर कॉन्फिगच्या फाइली एकाच्या मालकीच्या आणि सर्व्हर दुसऱ्याच्या नावे चालणारा, असा पेच निर्माण होतो.

ज्यांच्याकडे जुने, हायफन असलेले ‘डॉकर-कंपोज’ आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पायथनमध्ये लिहिलेल्या त्या पहिल्या आवृत्तीचा पाठिंबा जुलै २०२३ मध्ये थांबला आहे. आता कंपोज हा डॉकरचाच उपआदेश आहे आणि मध्ये हायफनऐवजी मोकळी जागा असते.

कोणत्या आवृत्तीवर जायचे

कंपोजच्या फाइलमध्ये इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ हा टॅग असेल, तर तो कोणत्याही एका आवृत्तीचे नाव नाही. ते एक सरकते लेबल आहे. आज ते एका इमेजवर असते, उद्या दुसऱ्या. त्यामुळे आपण कुठून कुठे गेलो हे नंतर सांगता येत नाही आणि परत फिरायचे तर नेमके कुठे, तेही कळत नाही. मी मीडिया सर्व्हरसाठी आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहिण्याच्या बाजूचा आहे. आकडा लिहिला असेल तर अपडेट ही आपण जाणीवपूर्वक केलेली कृती ठरते: फाइल उघडायची, आकडा बदलायचा, मगच पुढचे आदेश द्यायचे. ज्यांना लेटेस्टच ठेवायचे आहे, त्यांनी निदान अपडेटपूर्वी डॅशबोर्डवर दिसणारी चालू आवृत्ती टिपून घ्यावी आणि ‘डॉकर इमेज इन्स्पेक्ट’ या आदेशाने मिळणारा डायजेस्ट, म्हणजे एसएचए२५६ ने सुरू होणारी ती लांब ओळख, सोबत जपून ठेवावी. टॅग सरकतो, डायजेस्ट नेहमी त्याच इमेजकडे नेतो.

यानंतर नव्या आवृत्तीची प्रकाशन टिपणे वाचावीत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण टाळू नये. लहान दुरुस्तीच्या आवृत्तीत सहसा फारसे काही नसते. मोठ्या आवृत्तीत मात्र डेटाबेसची रचना बदललेली असू शकते, आणि तो बदल एकाच दिशेने होतो. जेलीफिनची २०२५ मध्ये आलेली १०.११ ही आवृत्ती याचे ठळक उदाहरण आहे. तिने लायब्ररीचा आधीचा डेटाबेस नव्या मांडणीत हलवला. मोठा संग्रह असलेल्यांना पहिल्या सुरुवातीला बराच वेळ थांबावे लागले, आणि एकदा ते स्थलांतर झाले की जुन्या आवृत्तीला तो डेटाबेस वाचता येत नाही. अनेक आवृत्त्या मागे असाल, तर आधी मधल्या एखाद्या आवृत्तीवर थांबून मग पुढे जाण्याची अट असते का, तेही याच टिपणांत सापडते.

प्लगइनचीही, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या जादा सोयींचीही, चौकशी आधीच करावी. जेलीफिनचे प्लगइन सर्व्हरच्या ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेले असतात आणि सर्व्हर पुढे गेला की काही प्लगइन मागे राहतात. नव्या आवृत्तीसाठी तयार नसलेले प्लगइन अपडेटआधी बंद करून ठेवले, तर सर्व्हर सुरू होताना अडखळत नाही.

बॅकअप

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ आणि लक्ष इथे द्यावे. प्रत घेताना सर्व्हर थांबलेला असला पाहिजे. जेलीफिन आणि प्लेक्स दोन्ही आपल्या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि चालू असताना त्या डेटाबेसच्या मुख्य फाइलीशेजारी, नावाच्या शेवटी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ असलेल्या आणखी दोन फाइली दिसू शकतात. नुकतेच झालेले बदल आधी वॉल फाइलीत जातात आणि नंतर मुख्य फाइलीत उतरतात. सर्व्हर चालू असताना फोल्डरची प्रत घेतली, तर मुख्य फाइल एका क्षणाची आणि वॉल फाइल दुसऱ्या क्षणाची येऊ शकते. अशी प्रत दिसायला पूर्ण असते, पण गरज पडते तेव्हा उघडत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी ‘डॉकर कंपोज पुल’ देऊन नवी इमेज उतरवून घ्यावी. त्याने चालू कंटेनरला काहीही होत नाही आणि घरातले कोणी काही पाहत असेल तर त्यात खंड पडत नाही. इमेज पूर्ण उतरल्यावर, कोणी पाहत नाही अशा वेळी, ‘डॉकर कंपोज स्टॉप’ द्यावा. थांबवताना डॉकर प्रोग्रामला आवरते घेण्याचा संकेत देतो आणि डीफॉल्टनुसार १० सेकंद वाट पाहून त्याला बळाने बंद करतो. मोठ्या डेटाबेसला इतका वेळ अपुरा पडू शकतो, तेव्हा स्टॉपला टी हा पर्याय देऊन ती मुदत ६० सेकंद करावी, किंवा कंपोजच्या फाइलमध्येच ‘स्टॉप ग्रेस पीरियड’ वाढवून ठेवावा.

सर्व्हर थांबल्यावर कॉन्फिग फोल्डरची प्रत घ्यावी. ‘टार’ने एकच संग्रह फाइल करणे मला सर्वांत निर्धोक वाटते, कारण तिच्यात फाइलींची मालकी आणि परवानग्याही नोंदल्या जातात, साध्या कॉपीत त्या बदलू शकतात आणि मग परत ठेवलेला फोल्डर सर्व्हरला वाचताच येत नाही. मूळ मालकी जपण्यासाठी हा आदेश ‘सुडो’सह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, द्यावा. फाइलीच्या नावात तारीख आणि चालू आवृत्ती दोन्ही घालाव्यात. तात्पुरता साठा, म्हणजे कॅश आणि रूपांतराच्या फाइली, यांची प्रत घेण्याची गरज नाही. सर्व्हर त्या पुन्हा तयार करतो. पोस्टर आणि पार्श्वचित्रे असलेला मेटाडेटा फोल्डर मोठा असतो आणि तोही पुन्हा उतरवता येतो, पण हाताने निवडलेली चित्रे त्यातच असतात, म्हणून जागा असेल तर तो वगळू नये. चित्रपटांच्या मूळ फाइलींना अपडेट हात लावत नाही. तरीही तो फोल्डर कंटेनरला केवळ वाचण्यापुरता जोडता येत असेल तर जोडावा. मात्र सर्व्हर सबटायटल किंवा माहितीच्या फाइली चित्रपटांशेजारी लिहीत असेल, तर ते जमणार नाही.

सेटिंग्ज व्हॉल्यूममध्ये असतील, तर एखाद्या छोट्या लिनक्स इमेजचा तात्पुरता कंटेनर चालवावा, त्याला ते व्हॉल्यूम आणि होस्टवरचा एक फोल्डर असे दोन्ही जोडावे आणि त्याच्या आतून टार चालवावा. काम झाले की तो कंटेनर आपोआप पुसला जावा म्हणून ‘आरएम’ हा पर्याय द्यावा.

टार फाइल तयार झाली की तिची यादी काढून पाहावी आणि डेटाबेसची फाइल तिच्यात खरोखर आहे, तिचा आकार शून्य नाही, एवढी खातरजमा करावी. प्रत दुसऱ्या डिस्कवर हलवावी. कंपोजची फाइल आणि तिच्या शेजारची, चलांची मूल्ये असलेली ‘एन्व्ह’ फाइलही त्याच जागी ठेवावी. जेलीफिनमध्ये १०.११ पासून डॅशबोर्डमधूनच बॅकअप घेण्याची सोय आली आहे. ती जरूर वापरावी, पण थांबवलेल्या सर्व्हरच्या फोल्डरची पूर्ण प्रत तिच्यासोबत असू द्यावी.

त्या दोन ओळी

पहिली ओळ, पुल, आधीच देऊन झाली आहे. दुसरी ‘डॉकर कंपोज अप’ ही, तिच्यापुढे डी हा पर्याय जोडून. कंपोज फाइल आणि चालू स्थिती यांची तुलना करतो, इमेज बदलली आहे हे ओळखतो, जुना कंटेनर काढतो आणि त्याच जोडण्यांसह नवा उभा करतो. त्यापूर्वी ‘डाउन’ देण्याची आवश्यकता नसते. दिलाच, तर त्याला व्ही हा पर्याय कदापि जोडू नये, कारण त्याने कंपोजच्या फाइलमध्ये घोषित केलेली व्हॉल्यूमही पुसली जातात आणि त्या पुसण्याला परतीचा आदेश नाही.

पोर्टेनरसारख्या ब्राउझरमधल्या साधनातून काम करणाऱ्यांना कंटेनर पुन्हा तयार करण्याचे बटण आणि नवी इमेज उतरवून घेण्याचा पर्याय मिळतो. आतून घडते ते हेच. बॅकअपचा टप्पा त्यांनाही चुकत नाही.

कंटेनर सुरू होताच ‘डॉकर कंपोज लॉग्ज’ हा आदेश एफ या पर्यायासह देऊन नोंदी वाहताना पाहाव्यात. डेटाबेसचे स्थलांतर चालू असेल, तर ते तिथे दिसते आणि तोवर ब्राउझरमध्ये सर्व्हर उघडत नाही किंवा थांबा असे सांगतो. या वेळी धीर धरणे फार महत्त्वाचे आहे. पान उघडत नाही म्हणून कंटेनर पुन्हा सुरू करणे म्हणजे स्थलांतर मध्येच तोडणे. नोंदी पुढे सरकत आहेत किंवा प्रोसेसर कामात आहे असे दिसते तोवर त्याला त्याचे काम करू द्यावे. स्थलांतराला डिस्कवर मोकळी जागाही लागते, तेव्हा ती आधीच पाहून ठेवलेली बरी.

कोरा सेटअप समोर आला तर

ब्राउझर उघडला आणि भाषा निवडा, पहिला वापरकर्ता तयार करा असे पान आले, तर तिथे काहीही भरू नये. बहुतेक वेळा सेटिंग्ज गेलेल्या नसतात. नवा कंटेनर भलत्याच, रिकाम्या जागेशी जोडला गेलेला असतो. कंटेनर ताबडतोब थांबवावा आणि पुन्हा इन्स्पेक्टचा माउंट्स विभाग वाचून आधीच्या नोंदीशी ताडून पाहावा.

याची कारणे ठरलेली आहेत. कंपोजच्या आखूड लिखाणात होस्टवरचा पाथ चुकला, तर डॉकर तक्रार करत नाही. त्या नावाचा रिकामा फोल्डर स्वतःच तयार करतो, तोही सहसा रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीचा. एका अक्षराच्या चुकीने असे होते. कॉन्फिग बाहेरच्या डिस्कवर असेल आणि संगणक सुरू झाल्यावर ती डिस्क जोडली जाण्याआधीच कंटेनर उठला, तरीही हेच घडते. यावर चांगला बंदोबस्त म्हणजे माउंट लांब पद्धतीने लिहून त्यात ‘क्रिएट होस्ट पाथ’ ही नोंद ‘फॉल्स’ ठेवणे. मग फोल्डर नसेल तर कंटेनर उभाच राहत नाही आणि चूक लगेच समोर येते. चित्रपटांच्या डिस्कसाठीही हीच काळजी घ्यावी, कारण रिकामा मीडिया फोल्डर पाहून सर्व्हर पुढच्या स्कॅनमध्ये संग्रहातल्या नोंदी काढून टाकू शकतो.

व्हॉल्यूम वापरणाऱ्यांसाठी वेगळे कारण असते आणि ते पटकन लक्षात येत नाही. कंपोज व्हॉल्यूमच्या नावाआधी प्रकल्पाचे नाव जोडतो आणि हे नाव डीफॉल्टनुसार फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून घेतो. त्या फोल्डरचे नाव बदलले किंवा फाइल दुसरीकडे हलवली, की वेगळ्या नावाचे नवे व्हॉल्यूम तयार होते. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’ने यादी काढली तर जुने व्हॉल्यूम तिथेच दिसते. कंपोजच्या फाइलमध्ये सर्वांत वर ‘नेम’ लिहून प्रकल्पाचे नाव कायम केले, तर हा प्रसंग पुन्हा येत नाही.

तपासणी

डॅशबोर्डवर नवी आवृत्ती दिसते, वापरकर्ते आणि लायब्ररी जागच्या जागी आहेत, एवढ्यावर थांबू नये. एखादा अर्धवट पाहिलेला भाग उघडून तो योग्य ठिकाणाहून पुढे सुरू होतो का ते पाहावे. मग गुणवत्ता मुद्दाम कमी करून व्हिडिओ चालवावा, म्हणजे सर्व्हरला रूपांतर करावे लागेल. ग्राफिक्सच्या मदतीने होणारे रूपांतर अपडेटनंतर बिघडण्याची शक्यता बाकी गोष्टींपेक्षा जास्त असते, कारण ते ‘डीआरआय’ हे ग्राफिक्सचे उपकरण आत दिलेले असणे, कंटेनरच्या वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटाची परवानगी असणे आणि इमेजमधले ड्रायव्हर या तिन्हींवर अवलंबून असते. व्हिडिओ अडखळत असेल आणि प्रोसेसर पूर्ण भरलेला दिसत असेल, तर रूपांतराचा लॉग वाचून आधी गटाचा क्रमांक तपासावा. ब्राउझरमध्ये पान विचित्र दिसत असेल, तर बहुधा जुन्या आवृत्तीच्या फाइली ब्राउझरच्या साठ्यात असतात. तो साठा रिकामा करावा.

मागे फिरणे

नवी आवृत्ती पटली नाही किंवा काही बिघडले, तर फक्त टॅग मागे घेऊन चालत नाही. जुन्या प्रोग्रामसमोर नव्या रचनेचा डेटाबेस आला तर तो सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन नोंदी खराब करतो. म्हणून इमेज आणि कॉन्फिग दोन्ही एकाच वेळी मागे न्यावी लागतात. कंटेनर थांबवावा, सध्याचा कॉन्फिग फोल्डर पुसण्याऐवजी वेगळ्या नावाने बाजूला ठेवावा, टार फाइलमधून जुना फोल्डर मालकीसकट त्याच जागी उलगडावा, कंपोजच्या फाइलमध्ये जुना आकडा किंवा जपलेला डायजेस्ट लिहावा आणि पुन्हा अप द्यावा. बॅकअपनंतर जे पाहिले त्याच्या नोंदी यात जातात, तेवढी किंमत मोजावी लागते. एकाच कॉन्फिग फोल्डरवर जुना आणि नवा असे दोन कंटेनर एकाच वेळी कधीही चालवू नयेत.

आपोआप अपडेट करणाऱ्या साधनांविषयी विचारणा नेहमी होते. मीडिया सर्व्हरसाठी मी ती सुचवत नाही. ती इमेज आली की कंटेनर बदलतात. टिपणे वाचत नाहीत आणि थांबवलेल्या स्थितीतली प्रतही घेत नाहीत. नवी आवृत्ती आल्याची केवळ सूचना देणारे साधन मात्र उपयोगी आहे, विशेषतः सर्व्हर इंटरनेटवरून पोहोचता येण्याजोगा असेल तर, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.

जुनी इमेज लगेच काढू नये. काही दिवस घरातल्या सगळ्यांनी सर्व्हर नेहमीसारखा वापरला आणि कुणाची तक्रार आली नाही, की मग ‘डॉकर इमेज प्रून’ने लेबल नसलेल्या इमेज काढता येतात, आणि आवृत्तीचा आकडा लिहिलेली जुनी इमेज नाव देऊन वेगळी काढावी लागते. ‘व्हॉल्यूम प्रून’ मात्र त्या भरात देऊ नये. डॉकर २३ पासून तो आदेश मूळ रूपात केवळ वापरात नसलेली निनावी व्हॉल्यूम काढतो, पण ए हा पर्याय जोडला तर वापरात नसलेली नाव असलेलीही जातात, आणि त्या क्षणी मीडिया सर्व्हरचा कंटेनर काढून टाकलेला असेल, तर त्याच्या सेटिंग्जचे व्हॉल्यूमही त्यांतच मोजले जाते.